टोपीकर, खाडीचे तोंड आणि करवीर

मराठी गद्याचा इतिहास शिकवताना ‘आज्ञापत्रा’ला वगळता येत नाही. पण हा ग्रंथ वाचताना आपली नजर बहुधा दोनच ठिकाणी रेंगाळते. एक म्हणजे दुर्गांचे प्रकरण. दुसरे म्हणजे आरमाराच्या प्रकरणातला तो प्रसिद्ध परिच्छेद, ज्यात लाकूड तोडताना रयतेच्या आंब्याफणसाला हात लावू नये असे बजावले आहे. त्याआधी येणारा सावकारांविषयीचा मजकूर मात्र भरभर उलटला जातो. वखारी, जकात, व्यापारी यांच्याशी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला काय देणेघेणे, असे आपल्याला वाटते. मीही अनेक वर्षे हा भाग असाच वाचत आलो. पुढे कोकण किनाऱ्यावरचे पोर्तुगीजांचे पडके कोट पाहून घाट चढून परत आल्यावर तोच मजकूर पुन्हा हाती घेतला, तेव्हा लक्षात आले, की मराठीत या कोटांविषयी जे शहाणपणाचे लिहिले गेले आहे ते याच पानांत आहे. आणि ते दुर्गांच्या प्रकरणात नाही, सावकारांच्या प्रकरणात आहे. या लेखाचा मुद्दा एवढाच आहे.

‘आज्ञापत्र’ लिहिले गेले ते करवीरच्या राज्यात, १७१५ साली. संभाजी महाराज १७१४ मध्ये गादीवर आले होते आणि त्यांच्या नावाने हा राजनीतीचा ग्रंथ सिद्ध करणारे रामचंद्रपंत अमात्य तोपर्यंत वृद्ध झाले होते. थोरल्या महाराजांपासून कोल्हापूरच्या संभाजी महाराजांपर्यंत सगळ्यांची कारकीर्द त्यांनी जवळून पाहिली होती. त्यांच्या घराण्याचे बावडे आज कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावडा या नावाने आहे. ज्यांनी ते ठिकाण पाहिले आहे त्यांना त्याची जागा आठवेल: पाठीशी देश, पायाशी एकदम तुटलेला कडा आणि खाली कोकण. घाट उतरले की खारेपाटणची खाडी, आणि खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग. देश आणि समुद्र यांच्या बरोबर उंबरठ्यावर बसलेल्या माणसाने हा ग्रंथ लिहिला, ही गोष्ट तो वाचताना विसरू नये.

अमात्यांचे म्हणणे थोडक्यात असे आहे. इतर सावकार नुसती सावकारी करतात. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासिस इत्यादी टोपीकरांचे तसे नाही. यांच्या प्रत्येकाच्या मागे एक राजा आहे आणि त्याच्या हुकुमाने हे इकडे व्यापाराला येतात. तेव्हा यांना भूमीचा लोभ नाही असे कसे मानावे? मुलूख वाढवावा, आपले मत स्थापावे, हा यांचा हेतू आहे, आणि काही ठिकाणी तो साधलाही आहे. शिवाय जात हट्टी. एकदा हाती आलेली जागा प्राण गेला तरी सोडणार नाहीत. म्हणून यांची ये-जा फक्त व्यवहारापुरती असावी, कायमचे ठिकाण देऊ नये. द्यावेच लागले तर खाडीजवळ किंवा समुद्रतीरी मुळीच नको. आत, काही कोसांवर, सखल जागी, शहराच्या जवळ द्यावे आणि पक्की इमारत बांधू देऊ नये.

खाडीजवळ देऊ नये, या एका अटीत पोर्तुगीज किल्ल्यांचा दोनशे वर्षांचा इतिहास साठलेला आहे. नकाशा समोर ठेवून उत्तरेकडून खाली यावे. दमणगंगेच्या मुखाशी दमण. उल्हास नदीच्या मुखाशी वसई. कुंडलिकेच्या मुखाशी चौल म्हणजे रेवदंडा, आणि पलीकडच्या तीरावर कोर्लई. मांडवीच्या मुखाशी रेइश मागुश आणि आग्वाद, जुवारीच्या मुखाशी मुरगाव, बारदेशच्या उत्तर टोकाला शापोरा. एकही किल्ला असा नाही, की जो आपल्या पन्हाळ्यासारखा किंवा विशाळगडासारखा शत्रूपासून दूर जाऊन बसला आहे. सगळे वाटेत उभे आहेत. तेही मुद्दाम.

याचे कारण समजायचे तर ‘कार्ताझ’ म्हणजे काय ते पाहावे लागते. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगीजांनी या समुद्रावर असा दंडक बसवला, की प्रत्येक जहाजाने त्यांच्याकडून परवाना घ्यावा, त्यात जहाज कुठून कुठे जाणार, काय नेणार, हे नोंदवावे, आणि ठरलेल्या पोर्तुगीज बंदराला लागून जकात भरावी. परवाना नसलेले जहाज म्हणजे पकडण्याजोगे जहाज. समुद्राला कुंपण घालता येत नाही. परंतु या किनाऱ्यावरचा माल अखेर खाडीतूनच आत-बाहेर जातो, तेव्हा खाडीच्या तोंडावर तोफा ठेवल्या की कागदाला वजन येते. अशा अर्थाने वसई किंवा चौल हे कोट म्हणजे तोफा बसवलेली जकात नाकी होती. आपण त्यांना ‘किल्ला’ म्हणतो आणि त्या शब्दाबरोबर सह्याद्रीतले सगळे अर्थ त्यांच्यावर लादतो. अमात्यांनी तसे केले नाही. त्यांनी हा विषय व्यापाराच्या सदरात घातला, कारण त्यांना तो तसाच दिसत होता. पुढे कान्होजी आंग्र्यांनीही हीच खूण ओळखली आणि स्वतःची दस्तके देण्यास सुरुवात केली. आंग्रे आणि फिरंगी यांची भांडणे जितकी तोफांची तितकीच कागदांची आहेत.

आता थोडे मागे जाऊ. पोर्तुगीजांना १५२१ साली चौल येथे कोट बांधण्याची परवानगी बुरहाण निजामशहाने दिली. आरंभी ती वखारच. पन्नास वर्षांत, १५७०-७१ साली, मुर्तजा निजामशहाला त्याच वखारीला प्रचंड फौजेनिशी वेढा घालावा लागला. त्याच वेळी अली आदिलशहाने गोवा वेढले होते. दोन्ही वेढे फसले. वसईची कथाही निराळी नाही. गुजरातच्या बहादूरशहाला हुमायूनच्या भीतीने मित्र हवा होता. डिसेंबर १५३४ च्या तहाने त्याने वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटे देऊन टाकली. कोटाचे काम १५३६ पासून सुरू झाले. देणाऱ्याने प्रत्येक वेळी एक ‘जागा’ दिली. घेणाऱ्याने प्रत्येक वेळी एक ‘मुख’ घेतले. कोर्लईचा डोंगर तर १५९४ पर्यंत निजामशाहीकडेच होता, चौलच्या डोक्यावर रोखलेला. तो पडला आणि कुंडलिकेची दोन्ही बाजूंची दारे एकाच्या हाती गेली.

खाडीच्या मुखाचा हा हिशोब शिवाजी महाराजांना पहिल्याच प्रयत्नात अनुभवावा लागला. १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती आल्यावर तेथील खाडीत त्यांनी लढाऊ जहाजे बांधायला घेतली. काम करणारे कारागीर बहुतांशी फिरंगी व त्यांच्यातलेच मिश्र संततीचे लोक होते, तीनशेंच्या वर. मुख्य रुय लैतांव व्हियेगस नावाचा पोर्तुगीज. ही जहाजे समुद्रात जाणार कुठून? एकीकडे वसई, दुसरीकडे ठाणे आणि मुंबई. त्या काळी दोन्ही बाजू पोर्तुगीजांच्याच. वसईच्या कप्तानाने तोफ न डागता काम साधले. त्याने आतून संधान बांधून कारागीर फोडले, आणि १६५९ साली ही सगळी मंडळी महाराजांची चाकरी सोडून निघून गेली. अमात्यांनी आरमाराचे प्रकरण लिहिताना असे अनुभव मनात धरले असतील, असे मला वाटते. त्यांनी तसे म्हटलेले नाही. हे माझे वाचन आहे.

या कोटांची बांधणीही आपल्या डोळ्यांना अनोळखी आहे. गडाचे बळ उंचीत असते: कडा तासलेला, वाट अडचणीची, दरवाजा गोमुखी. पोर्तुगीज कोटाला उंची नकोच असते. उंच भिंत तोफेला सोपे लक्ष्य देते. म्हणून भिंत बुटकी, जाड, बाहेरून उतरती; आणि बुरूज गोल नव्हे, टोकदार, भाल्याच्या फाळासारखे, म्हणजे एका बुरुजावरून दुसऱ्याच्या पायाशी आलेला शत्रू टिपता येतो. इटलीत तयार झालेली ही विद्या हिंदी महासागरात आणणाऱ्यांत जुआंव बातिस्ता कैरातू या मिलानच्या स्थपतीचे नाव मोठे आहे. मोंबासाचा येशूचा किल्ला (१५९३-९६) त्याचाच. अशा बांधकामाला पैसा किती लागे, याची एक गोष्ट पोर्तुगीज मोठ्या अभिमानाने सांगतात. दीवचा १५४६ चा वेढा उठल्यावर ढासळलेला कोट पुन्हा उभारण्यासाठी जुआंव द कास्त्रो याने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितले आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले. मिशीचा केस गहाण ठेवल्याच्या गोष्टी आपल्याकडेही आहेतच. गोवेकरांनी पैसे दिले आणि केस परत पाठवले. असो.

पण अमात्यांच्या मजकुरातला दुसरा शब्द अधिक अवघड आहे: ‘मत’. टोपीकर आपले मत स्थापू पाहतात, असे ते म्हणतात. या कोटांच्या आत खरोखर काय होते? वसईत शिरल्यावर प्रथम डोळ्यांत भरते ती चर्चची संख्या: डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन, जेझुइट, प्रत्येक संघाचे आपले चर्च आणि मठ, शिवाय नगरसभा, इस्पितळ, सरदारांचे वाडे. भिंतीच्या आत फौज नव्हे, तर नगर राहत होते. नागासाकी येथे १५९७ साली क्रुसावर मारला गेलेला आणि १८६२ साली संत म्हणून घोषित झालेला गोन्सालो गार्सिया याच वसईत जन्मला. धर्मांतराची जबरदस्ती, देवळांचा विध्वंस, हा सारा इतिहास खरा आहे आणि तो सौम्य करून सांगण्याचे कारण नाही. तरीही त्याच भिंतींच्या आत मराठीला एक ग्रंथ मिळाला, हेही खरेच. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले ते जुवारीकाठच्या राशोल येथे, म्हणजे पोर्तुगीजांच्या एका जुन्या किल्ल्याच्या आवारात. मराठीतील एक महत्त्वाचे ओवीबद्ध पुराण तोफांच्या सावलीत छापले गेले. त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज उरलेली नाही.

वसईच्या शेवटाविषयी मराठी वाचकाला नव्याने सांगण्याजोगे थोडे आहे. १७३७ साली साष्टीपासून सुरू झालेली मोहीम, फेब्रुवारी १७३९ पासून वसईला बसलेला निकराचा वेढा, सेंट सेबॅस्टियन बुरुजाखाली उडवलेले सुरुंग, मराठ्यांची कापली गेलेली हजारो माणसे, आणि मे महिन्यात तह. एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधावेसे वाटते. चिमाजी आप्पांनी कोटातील फौजेला हत्यारे व निशाणे घेऊन वाजतगाजत बाहेर पडू दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला तिचा धर्म पाळण्याची मोकळीक दिली. चर्चच्या घंटा मात्र देशावर आल्या. भीमाशंकर, मेणवली, नाशिकचे नारोशंकराचे देऊळ येथे त्या आजही पाहता येतात. आपल्या लेखनात या मोहिमेची खूण म्हणून नेहमी घंटाच येतात. मागे राहिलेली माणसे येत नाहीत.

ती माणसे होती, आणि आहेत. चौलचा कोट १७४० च्या तहाने मराठ्यांकडे आला. कप्तान, पाद्री, शिपाई गेले. कोर्लईच्या पायथ्याचे गाव राहिले. त्या गावात आजही पोर्तुगीजातून निपजलेली एक बोली बोलली जाते. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’ म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. पावणेतीनशेहून अधिक वर्षे मराठीच्या वेढ्यात राहून तिने मराठीची वाक्यरचना पुष्कळ घेतली आहे. क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने १९९६ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आमच्या मराठी विभागांतून तिच्याकडे किती जण गेले, हा प्रश्न मी येथे नुसता विचारून ठेवतो. मराठीत मुरलेल्या चावी, पगार, घमेले, काडतूस या पोर्तुगीज शब्दांच्या याद्या आपण आवडीने करतो. ज्या गावात उलटा प्रवाह अजून चालू आहे तिकडे जाणे राहून जाते.

येथवरची कथा वसई-चौलची झाली. करवीरचा त्यात भाग एवढाच, की धोक्याची सूचना करवीरच्या अमात्यांनी लिहिली होती. परंतु पुढचा भाग कोल्हापूरकर इतिहासप्रेमी सहसा सांगत नाहीत.

उत्तरेकडचा मुलूख गेल्यावर पोर्तुगीजांनी नजर वळवली ती गोव्याच्या सभोवतालच्या प्रदेशाकडे. १७४६ साली विजरई मार्केझ द आलोर्न याने वाडीकर सावंतांवर चाल करून हळर्ण घेतले. याच विजयावरून त्याला ती पदवी मिळाली. त्याच मोहिमेत सावंतांनी बांधलेला तेरेखोलचा किल्ला आणि त्याच्या उत्तरेचा रेडीचा यशवंतगड पोर्तुगीजांकडे गेला. रेडी पुढे परत मिळाली. तेरेखोल मिळाले नाही. तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर, मुखाशी, एका टेकाडावरचा हा लहानसा कोट. त्याच्या दक्षिणेचा पेडणे महाल अद्याप सावंतांचा होता. म्हणजे नदीच्या मुखावर फिरंगी आणि मागची जमीन वाडीकरांची. अमात्यांनी वर्णिलेल्या धोक्याचे याहून नेमके चित्र शोधून सापडणार नाही.

अशा वेळी वाडीकरांवर घाटावरून फौज उतरली ती करवीरची. करवीरचे शिवाजी महाराज (कारकीर्द १७६२-१८१३) आणि वाडीचे तिसरे खेम सावंत यांचे वैर जुने. खेम सावंतांची सोयरीक शिंद्यांच्या घराण्याशी झाली. त्या वशिल्याने बादशहाकडून ‘राजेबहादुर’ हा किताब आणि मोर्चेलाचा मान आला. छत्रपतींच्या गादीला हे सहन होणे शक्य नव्हते. मानापमानाच्या या भांडणात कोकणातील गावे वर्षानुवर्षे जळत राहिली. करवीरच्या फौजांनी निवती, भरतगडासारखी ठाणी घेतली आणि वाडीकरांचा जीव मेटाकुटीला आला, तेव्हा खेम सावंतांनी मदतीसाठी गोव्याकडे हात पसरला. मदत मिळाली. तिची किंमत म्हणून १७८८ साली पेडणे महाल पोर्तुगीजांना देण्यात आला.

तेरेखोलच्या मागची जमीन अशी भरून आली. गोव्याच्या नव्या काबिजादीतला उत्तरेकडचा हा शेवटचा तुकडा फिरंग्यांनी लढून जिंकला नाही. दोन मराठी घराण्यांच्या भांडणात तो त्यांच्या पदरात पडला. आणि ते भांडण पेटते ठेवणारे राज्य तेच होते, ज्याच्या दरबारात त्र्याहत्तर वर्षांपूर्वी टोपीकरास समुद्रतीरी जागा देऊ नये, असे लिहून ठेवले गेले होते. करवीरकरांनी जागा दिली नाही. दुसऱ्याला द्यायला लावली. यात करवीरचा दोष किती आणि वाडीचा किती, हा वाद मला निष्फळ वाटतो. पण गोव्याची आजची उत्तर सीमा पाहताना तिच्या आखणीत कोल्हापूरचाही हात आहे, एवढे तरी आपण पाठ्यपुस्तकाबाहेर जाऊन मान्य करावे. मराठे आणि पोर्तुगीज असा दोन पक्षांचा सरळ सामना रंगवण्याची सवय आपल्याला वसईने लावली. पिसुर्लेकरांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ (पुणे विद्यापीठ, १९६७) वाचला की तो सामना तितका सरळ राहत नाही. त्या कागदांत सावंत, आंग्रे, सौंधेकर, करवीरकर, पेशवे हे सगळे आपापल्या सोयीने गोव्याशी बोलत असतात.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. नव्या काबिजादीत पोर्तुगीजांनी बारदेश-साष्टीतला जुना मार्ग चालवला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या अंगात तो जोर नव्हता आणि धोरणही बदलले होते. लोकांचा धर्म, देवळे, रूढी यांना हात न लावण्याचे त्यांनी मान्य केले. म्हणून पेडण्यात देवळे राहिली आणि देवळांबरोबर मराठी कीर्तन, पोथ्या, नाटकेही राहिली. अमात्यांना ज्या ‘मता’ची धास्ती होती ते तेथे पोहोचले नाही. राज्य मात्र पोहोचले, आणि १९६१ पर्यंत टिकले. जागा मेल्याशिवाय सोडायची नाहीत, हा त्यांचा अंदाज अगदीच चुकला असे म्हणवत नाही.

करवीरचा स्वतःचा समुद्र याहून लवकर संपला. सिंधुदुर्ग करवीरकडे होता. १७६५ साली इंग्रजांनी तो घेतला, त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, आणि पुढच्या वर्षी भरपाई घेऊन परत केला. त्या वेळी करवीरचा कारभार जिजाबाई पाहत होत्या. १८१२ च्या तहाने मालवण व सिंधुदुर्ग कायमचे इंग्रजांकडे गेले आणि कोल्हापूर समुद्राला पारखे झाले. आज कोल्हापूरचा माणूस स्वतःला पन्हाळ्याचा, पंचगंगेचा समजतो. आपण कधीकाळी खाडीच्या मुखाशी बसलेलो होतो, हे त्याच्या आठवणीतून गेले आहे. वसईच्या बाबतीत तर काळाने अधिकच चेष्टा केली: ज्या कोटाला पेशव्यांच्या नावावरून ‘बाजीपूर’ म्हटले गेले, त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने दुसऱ्या टोपीकरांशी तह केला.

तेरेखोलला आज दोन वाटांनी जाता येते. गोव्याच्या बाजूने केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडावी लागते; बोट नको असेल तर महाराष्ट्रात शिरून, आरोंदा-रेडीकडून वळसा घेऊन यावे लागते, म्हणजे गोव्यातून गोव्यात जायला मधे सिंधुदुर्ग जिल्हा लागतो. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवामुक्तीचे सत्याग्रही याच कोटात शिरले, त्यांनी तिरंगा लावला, आणि त्यांना पकडून नेण्यात आले. कोट लहान आहे. आत सेंट अँथनीचे चर्च आहे, तटावर उभे राहिले की समोर नदीचे मुख, डावीकडे केरीची पुळण आणि उजवीकडे समुद्र दिसतो. पाठीमागे, रेडीच्या दिशेने, यशवंतगड. हवा स्वच्छ असली तर पूर्वेला सह्याद्रीची निळी रांग दिसते. करवीरच्या फौजा तिकडूनच उतरल्या होत्या.